रक्तातली पिंडं

मिरजगाव,
१९ जानेवारी २०२५

आरतीताईस,
अजिनाथचा नमस्कार.

मोबाईल मी नेवाशाच्या पुलावरून प्रवरेत टाकला, म्हणून हे पत्र. टॉवरवरून पोलीस माणूस शोधून काढतात असं मला एका एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. लई गमतीचा माणूस. दोन्ही मनगटांवर घड्याळं, आणि दोन्ही बंद. विचारलं तर म्हणाला, एक सासऱ्याचं, एक बापाचं, कुणाचं काढू? ते जाऊ दे.

ताई, मी बिभीषणला मारलं. मेला नाही. मरायला पाहिजे होता.

संस्कृतीला मी गाडीत बसवून तुझ्याकडे धाडली, ती पोचली असेल. ती तोंडाने काही सांगणार नाही. माझी सख्खी बहीण आहे, मला ठाऊक आहे. पायात काटा मोडला तर दुसऱ्या दिवशी सांगायची. म्हणून मीच सगळं लिहितो, आणि तुझ्या आईला, मावशीला, वाचून दाखवू नको.

डिसेंबरात तू नेवाशाकडे ऊसतोडीच्या फडावर रक्त घ्यायला आली होतीस, तुमच्या संस्थेची गाडी घेऊन. संस्कृतीने दिलं, तिच्या नवऱ्याने, बिभीषणने, दिलं, सगळ्या टोळीने दिलं. मग पुन्हा येऊन ताडपत्रीच्या आडोशाला एकेकीला निकाल सांगत बसलीस, गड्यांची पाळी त्या दिवशी आलीच नाही. संस्कृतीला तू नेमकं काय म्हणालीस ते तुझं तुला माहीत. पण ताडपत्रीला पाठ लावून पुंजाराम उभा होता. टोळीचा मुकादम, आणि बिभीषणचा सख्खा चुलता. त्याच्या कानावर एवढंच पडलं: एचआयव्ही, ताण, आणि पिंडं. ‘तुझ्या रक्तात पिंडं वाढलीत’ असं तू म्हणालीस म्हणे.

संध्याकाळपर्यंत फडावर झालं, संस्कृतीच्या रक्तात पिंडं आहेत. तिची सासू मालनबाई कपाळाला हात लावून ओरडली, ‘‘जित्या बाईच्या अंगात पिंडं! ही मेलेलीच हाय, आन आता आमचीबी पाडनार!’’

पहिल्यांदा ताट वेगळं झालं. मग पाचटाच्या कोपीतून बाहेर काढून बैलांच्या दावणीला झोपायला लावलं. मग तिची वाकळ जाळली, ऐन थंडीत. आणि मग तिने पाण्याच्या टिपाडाला हात लावला म्हणून बिभीषणने ऊस उपसला आणि तो मोडेपर्यंत तिला मारलं. मोडल्यावर दुसरा घेतला. ऊस तिथं काही कमी नव्हता. ‘‘कुनाबर गेल्ती, सांग, कुनाबर गेल्ती?’’ एवढंच विचारत होता. टोळी चहा पीत बघत होती.

मी त्या वेळी त्याच कारखान्याच्या रस्त्याला एका ट्रॅक्टरवर क्लीनर होतो. भेळभत्ता घेऊन तिला भेटायला गेलो. ती दावणीला बसली होती, पुढचा दात हातात घेऊन. मला म्हणाली, ‘‘दादा, तू जेवून आलास का?’’

मी परत ट्रॅक्टरकडे गेलो आणि चाक खोलायची लोखंडी टामी घेऊन आलो. पहिला दणका त्याच्या उजव्या दंडावर. ताई, हाड मोडल्याचा आवाज ओल्या उसासारखा येतो. मला वाटलं होतं वाळक्यासारखा येईल. मग टामी टाकून दिली आणि बुक्क्यांनी तोंड फोडलं. त्याचे दात माझ्या मुठीत रुतले, दोन बोटांमधलं कातडं फाटलं, त्याच्या नाकातोंडाचं आणि माझ्या हाताचं रक्त कोपरापर्यंत एक झालं. पुंजाराम कोयता घेऊन धावला तेव्हा संस्कृतीला ओढत निघालो.

आता मला सांग. तिला तो रोग आहे का? आणि हे ताणाचं पिंड काय आहे? मी इथं एका डाळिंबाच्या बागेत काम धरलंय. बागेला नुकताच ताण दिलेला. पाणी तोडलं, पानं गळून गेली, नुसते काटे राहिले. मालक म्हणतो ताण दिल्याशिवाय झाड फूल धरत नाही. बायकांना ताण दिला की काय धरतं, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगा.

बिभीषण हात गळ्यात बांधून, आई आणि चुलत्यासकट खर्ड्याकडे आपल्या गावी गेलाय असं कळलं. माझं काम अर्धं राहिलंय. माझा हात बरा झाला की जाऊन पुरं करणार आहे. तुला अडवता आलं तर अडव.

उत्तर भीमा पंक्चरवाल्याच्या पत्त्यावर टाक.

अजिनाथ

*

नगर,
२७ जानेवारी

प्रिय अजिनाथ,

संस्कृती माझ्याकडे आहे. दोन बरगड्यांना तडा गेला आहे. दाताचं नंतर बघू. ती म्हणाली, ‘त्याला सांग, मी जेवतेय.’ तिच्या परवानगीने लिहिते: तिला एचआयव्ही नाही. त्या दिवशीही मी तिला हेच सांगितलं होतं. पुंजारामला ‘एचआयव्ही’ ऐकू आलं, ‘नाही’ ऐकू आलं नाही.

पुढचं वाक्य माझं होतं आणि ते बोलायची गरज नव्हती. माणसाच्या शरीरातल्या पेशींवर ताण पडला, म्हणजे ताप, उपासमार, उन्हातले कष्ट, एखादा जंतू, की त्या स्वतःला सावरायला काही प्रथिनं जास्त बनवतात. त्यांना ताण-प्रथिनं म्हणतात. कधी कधी शरीर त्यांच्याच विरुद्ध लढायला पदार्थ तयार करतं. एचआयव्ही झालेल्यांत हे पदार्थ लवकर आणि जास्त दिसतात का, आणि त्यावरून रोग ओळखता येईल का, एवढंच आमची संस्था तपासते आहे. अजून काहीही सिद्ध झालेलं नाही. त्या लढणाऱ्या पदार्थांना पुस्तकात ‘प्रतिपिंडं’ म्हणतात. आमच्या माहितीपत्रकावर तोच शब्द छापला आहे. फडावरच्या बाईला पिंड म्हटल्यावर काय आठवेल, हे छापणाऱ्यांपैकी कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

आता तुझ्या हाताबद्दल. कुठला हात? जखम किती खोल होती? रक्त किती वेळ तसंच होतं? साबणाने धुतलंस का? मला खरं खरं कळव. त्याआधी उठ आणि जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा. ‘मारामारीत दुसऱ्याचं रक्त जखमेत गेलं’ एवढंच सांग. त्यासाठी गोळ्या असतात, पण त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. ती वेळ तुझं पत्र पोचायच्या आतच गेली होती. तरीही रक्त तपासून घे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा घे. धोका फार थोडा असतो, घाबरू नकोस. पण जा. मारामारी करून आलेल्या कुणालाही मी हेच सांगितलं असतं.

आणि खर्ड्याकडे फिरकू नकोस. तू जेलमध्ये गेलास तर संस्कृतीला माहेर उरत नाही.

तुझी,
आरतीताई

*

मिरजगाव,
४ फेब्रुवारी

आरतीताईस,

पत्र वाचून आधी मला हसू आलं. म्हणलं ताई पोलिसांना मिळाली. दवाखान्यात जा, म्हणजे तिथं बाकावर साध्या कपड्यातला हवालदार बसलेला असणार. म्हणून गेलो नाही. भीमाला विचारलं तर तो म्हणाला, पंक्चर झाल्यावर ट्यूब पाण्यात बुडवून बघायला लागते, माणूस बुडवून कसा बघायचा? हा भीमा एक नंबरचा बडबड्या. त्याने पाळलेली साळुंकी ‘हवा भर’ म्हणते आणि गिऱ्हाईक उलट तिलाच शिव्या देतं. मी दोन दिवस तिला ‘हवा सोड’ शिकवत बसलो, शिकली नाही.

मग रात्रभर ठणकत होतं म्हणून पत्र पुन्हा काढलं. संस्कृतीच्या रोगाचं तू चार ओळींत संपवलंस. आणि माझ्या हाताचं? कुठला हात, किती खोल, किती वेळ, साबण लावला का. ताई, मी दहावी नापास असलो तरी तेवढं कळतं. लहानपणी माझं डोकं फुटलं तेव्हा तू हळद भरून ‘जा खेळायला’ म्हणाली होतीस. आता धोका थोडा म्हणतेस आणि अक्षर हललंय तुझं.

म्हणजे त्याला आहे. बिभीषणला.

तू लिहिलं नाहीस. लिहू नकोस. पण आहे.

ज्याच्या रक्तात खरंच होतं त्याने माझ्या बहिणीला दावणीला झोपवली! ‘कुनाबर गेल्ती’ विचारत होता! बागेत मी छाटणीची कात्री फेकली ती मालकाच्या कुत्र्याला लागली. मालकाने हिशेब करून हाकलून दिलं. कुत्रं बरं आहे. लंगडतंय.

काल दुकानात छगन आला होता. बिभीषणच्याच गावचा टेम्पोवाला, कांदा घेऊन जातो. मला ओळखून गालात हसला. म्हणाला, ‘‘काय पावनं, पिंडवाल्या बहिनीचं कसं काय?’’ मी त्याची गचांडी धरली, टायरच्या ढिगावर पाडला आणि म्हणलं, ‘‘जा सांग तुझ्या गावाला, पिंडं कुनाच्या रक्तात हायत. बिभीषणच्या! माझ्या हातात त्याचं रक्त गेलंय म्हनून मला दवाखान्यात बोलवत्यात. सांग जा, पुंजारामला सांग!’’ त्याचं तोंड पडलं. टेम्पो वळवून निघेपर्यंत माझ्याकडे बघत होता.

बरं वाटलं. आता त्यालाही कळू दे ताट वेगळं म्हणजे काय.

पण तेवढ्याने माझं भागणार नाही. कोयता घेतलाय. ऊसतोडीचाच, वाकड्या पात्याचा. भीमाकडच्या दगडावर धार लावली. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी जाणार. सरळ मान. या वेळी टामी नाही.

अजिनाथ

*

नगर,
१० फेब्रुवारी

अजिनाथ,

तू माझ्या पत्रातून जे काढलंस ते मी लिहिलेलं नाही. कुणाच्या रक्तात काय आहे हे मी माझ्या आईलाही सांगू शकत नाही. तशी शपथ घेतली आहे आणि कायदाही आहे. तुझा हात वाचवायला चार प्रश्न विचारले, त्यातून तू एका माणसाची मान शोधलीस. आता मला कळत नाही की तुला लिहायचं तरी काय.

छगनला गाठ. आज. सांग की रागात बोललो, खोटं बोललो. पाया पड हवं तर. त्या लोकांनी एका चुकीच्या शब्दावरून काय केलं ते तू पाहिलं आहेस.

संस्कृतीला तुझ्या पत्रातलं कोयत्याचं तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्याची मान आणून मी काय करू? मला केस टाकायचीय. साक्षीला भाऊ पाहिजे. तो आत गेला तर माझ्याकडनं कोण बोलणार?’ हे तिचे शब्द आहेत. इतकं ती आयुष्यात पहिल्यांदा एका दमात बोलली असेल.

एक गोष्ट सांगते, ती सांगायला हरकत नाही. सगळ्या टोळीच्या तपासण्या आम्ही आता एकत्र मांडून पाहिल्या. ताण-प्रथिनांची ती पिंडं त्या फडावरच्या जवळजवळ सगळ्यांत वाढलेली निघाली. निरोगी, आजारी, बाया, गडी, सगळ्यांत. आमचे सर वैतागले, म्हणाले ही खूण कामाची नाही, यावरून काहीच ओळखू येत नाही. ज्यांनी संस्कृतीची वाकळ जाळली, त्या सगळ्यांच्या अंगात तेच होतं.

जाऊ नकोस. माझ्याकडे ये. पोलिसांत मी स्वतः तुझ्याबरोबर येते.

आरती

*

जामखेड, पोलीस कोठडी,
२३ फेब्रुवारी

आरतीताईस,

तुझं दहा तारखेचं पत्र काल भीमाने इथं आणून दिलं. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात पोचलं. साळुंकीने कोपरा फाडलाय. कागद आणि पेन हवालदाराचं आहे, म्हणून आधीच सांगतो की तो वाचणार आहे. वाच बाबा.

मी बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांच्या गावात उतरलो. कोयता पोत्यात गुंडाळलेला. बाजार भरलाच नव्हता. भाज्यांच्या पाट्या तशाच पडलेल्या आणि सगळं गाव दूध डेअरीच्या शेडपुढं. मला वाटलं मयत झालीय. जवळ गेलो तर आधी फवारणीच्या औषधाचा वास आला.

बिभीषणला शेडच्या खांबाला बांधला होता. एक हात प्लास्टरात, तोही दोरात. अंगावर कापड नाही. एकजण पाठीवर पंप घेऊन त्याच्यावर कपाशीचं औषध फवारत होता, डोक्यापासून पायापर्यंत, जसं काही त्याला अळी लागलीय. बाकीचे लांब बांबूंनी हाणत होते. कुणी जवळ जात नव्हतं. सगळ्यांच्या हातांना कॅरीबॅगा, मनगटाला रबर. त्याने डेअरीत दूध घातलं होतं, एवढं कारण. पोरं म्हणत होती सगळ्या गावाच्या चहात त्याचं रक्त गेलं. मालनबाईला घरात कोंडून कडी लावली होती. ती आतून दार बडवत होती, ‘‘माझ्या लेकराला मारू नगा रं, माझ्या लेकराला मारू नगा!’’

पुंजारामने मला पाहिलं आणि बांबू वर केला. ‘‘आला! मेव्हना आला! सरका रं, वाट द्या. लग्नात कानपिळीचा मान याचाच हुता, आजबी याचाच!’’

लोक हसले, ताई. खरंच हसले. कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘तूच धर बाबा, आमी हात लावना. तुझं तर रक्त आधीच एक झालंया.’’

लग्नात मी त्याचा कान पिळला तेव्हा त्याने मला टोपी-उपरणं दिलं होतं आणि म्हणाला होता, ‘हळू पावनं, कान घरी न्यायचाय.’ मी पुढं गेलो. पोतं टाकलं. डाव्या हाताने तोच कान धरला आणि मान वाकडी केली. कोयता उजव्या हातात. त्याचे डोळे औषधाने सुजलेले, एकच उघडला. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

म्हणाला, ‘‘अज्या, कान सोड. हाताची खपली निघालीया तुझ्या. लांब हो, रक्त लागंल.’’

मी म्हणलं, ‘‘तुला मारायला आलोय मी.’’

तो म्हणाला, ‘‘मग कोयत्यानं मार की. हात कशाला लावतो?’’

मी कोयता उचलून तसाच उभा. मान समोर होती, शीर दिसत होती. ज्याला मारायचं तोच मला सांभाळून मार म्हणतोय, तर मारायचं कुठं? काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पुंजारामला दम निघेना. ‘‘गप्पा काय मारतो? हान की!’’ म्हणत त्याने बांबू माझ्या पाठीत खुपसला. मी वळलो आणि कोयता वळला. त्याची दोन बोटं कॅरीबॅगेतच राहिली. पिशवी लालभडक झाली आणि तो तिच्याकडे बघतच बसला, ओरडायचं विसरून.

मग मी दोर तोडला. बिभीषण अंगावर कोसळला. लोक पुढं सरकले तसा मी कोयता कमरेला खोचला, माझे दोन्ही हात त्याच्या छातीवरच्या रक्ताने माखून घेतले आणि त्यांच्या तोंडापुढं धरले. ‘‘या! या की! कुनाला लावू?’’ ताई, कोयत्याला कुणी भ्यालं नव्हतं. त्या हातांना भ्याले. पैलवान गडी बायकांच्या मागं लपले. त्याला खांद्यावर टाकून मी मधून चालत गेलो आणि गर्दी मेंढरांसारखी फाटत गेली. लांब गेल्यावर मात्र दगड सुरू झाले. एक माझ्या मानेत बसला. एक त्याच्या उघड्या डोळ्यावर.

वेशीत छगनचा टेम्पो होता. नाही म्हणाला. कोयता मानेला लावल्यावर हो म्हणाला.

मागं कांद्याच्या पोत्यांवर तो माझ्या मांडीवर. मी त्याला थोबाडात मारत होतो, झोपू नको, मरू नको. एक महिना ज्याचं मरण मागत होतो त्याच्याशी भांडत होतो, की मरायचं नाही. जामखेडचा रस्ता कधी नव्हे इतका लांब वाटला. त्याने विचारलं, ‘‘तिला हाय का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘बरं झालं.’’ टेम्पो आदळला तसा कण्हला. मग म्हणाला, ‘‘त्या दिशी मला म्हाईत न्हवतं. हात बसवायला गेलो तवा डॉक्टरनं सांगितलं.’’

मी विचारलं, ‘‘म्हाईत असतं तर मारलं नसतंस तिला?’’

तो विचार करत होता. पटकन ‘नसतं मारलं’ म्हणाला असता तर मी त्याला तिथंच टेम्पोच्या फाळक्यावरून खाली टाकला असता.

दवाखान्याच्या दारात मी हात वर करून सांगितलं, आधी हातमोजे घाला, मग याला घ्या. मग पोलीस आले. सगळ्या गावाने एकाच तोंडाने जबानी दिलीय: मेव्हण्याने आधी हात मोडला, आता जीव घ्यायला आला, आम्ही सोडवायला गेलो तर पुंजारामची बोटं गेली. माझा कोयता, माझं रक्त, आधीची मारामारी. वकील म्हणतो, बिभीषण मेला तर खून. जगला आणि गावासारखं बोलला तरी दहा वर्षं. त्याला बाहेर काढलं ते कुणीच पाहिलेलं नाही. आणि गावाने का मारलं ते सांगायला त्याला स्वतःचा रोग पोलिसांपुढं बोलावा लागेल. कोण बोलेल?

तो जगलाय का तेवढं कळव. इथं कुणी सांगत नाही.

अजिनाथ

*

नगर,
३ मार्च

प्रिय अजिनाथ,

जगला आहे. सिव्हिलमध्ये आणलं आहे. एक डोळा गेला, जबडा तारेने बांधला आहे, औषधाचं विष अजून उतरतंय. बोलता येत नाही. पोलीस रोज येऊन परत जातात.

तुझी रक्ततपासणी झाली, ती त्यांनी तुला एकट्याला सांगितली असेल. मी विचारणार नाही आणि तूही पत्रात लिहू नकोस. या वेळी गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या, त्या महिनाभर पुऱ्या घे. दुसरी तपासणी मेच्या शेवटी. ती चुकवू नकोस.

संस्कृतीने केस टाकली. नवऱ्यावर, सासूवर, पुंजारामवर. टाकून आल्यावर मला म्हणाली, वॉर्डात घेऊन चल. मी घाबरले होते. दारात मालनबाई बसलेली, डोळे सुजलेले, हात जोडून उठली. संस्कृतीने हातातला डबा पुढं केला आणि एवढंच विचारलं, ‘‘आत्या, त्यांचं ताट वेगळं वाढू का?’’

मालनबाई भिंतीला धरून खाली बसली. संस्कृती डबा ठेवून निघून आली.

मी पोलिसांच्या साहेबांना सांगून टाकलं असतं की गावाला कशाची भीती होती. रोज सांगावंसं वाटतं. नाही सांगता येत. ते सांगायचा हक्क एकाच माणसाचा आहे आणि त्याचं तोंड बांधलेलं आहे.

आरतीताई

*

कारागृह,
६ जून

आरतीताईस,

आधी माझं. माझं रक्त आहे, मी सांगू शकतो. दुसरी तपासणी झाली. नाही. काही नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं तरी मी त्यांना तिसऱ्यांदा विचारलं. मग बाहेर येऊन नळाखाली हात धुवत बसलो. का धुतले माहीत नाही.

संस्कृतीचंही पुन्हा काही निघालं नाही असं ती भेटीला आली तेव्हा तिने जाळीतून सांगितलं. नवा दात दाखवला. जरा मोठा बसवलाय, त्यामुळे हसताना ती भांडल्यासारखी दिसते. बरं आहे, दिसू दे. इथं एक म्हातारा कैदी आहे, तो दात बसवायचा धंदा करायचा, त्याने लांबून बघूनच सांगितलं की बसवणारा शिकाऊ असणार. तो इथं कशासाठी आलाय ते मोठं प्रकरण आहे, पण ते राहू दे.

जामखेडचा तो हवालदार आठवतो का, ज्याने मला कागद दिला होता? काल कोर्टाच्या तारखेला तोच होता. गाडीत बसल्यावर माझी बेडी जरा सैल केली आणि म्हणाला, ‘‘तुझ्या दाजीचा जबाब मी लिवला.’’ मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. बिभीषणच्या तोंडाची तार काढली त्याच दिवशी हा हवालदार साहेबाला घेऊन वॉर्डात गेला. मालनबाई पायथ्याशी होती. बिभीषण म्हणाला, पहिल्यापासनं लिवा. बायकोला उसानं मी मारलं. दात मी पाडला. मग अजिनाथनं माझा हात मोडला, टामीनं, तेबी लिवा, सोडू नगा. पण डेअरीपुढं त्याने मला हात लावला तो कान धरन्यापुरता. बाकी पुंजाराम चुलता, आणि एकेकाचं नाव. पंप कुणाचा, बांबू कुणाचे. सगळ्या गावातून मला उचलून आननारा तो एकटा.

साहेबाने विचारलं, ‘‘पण सगळं गाव तुझ्यावर उठलं कशापायी?’’

मालनबाईने लेकाचा पाय धरला आणि मान हलवायला लागली, नगं म्हणून. शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले होते. वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल म्हणून साहेब म्हणाला, पडदा ओढू का? बिभीषण म्हणाला, नगं. आणि त्याने सांगितलं. रोगाचं नाव घेऊन, मोठ्याने.

हवालदार मला म्हणाला, ‘‘खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. पेन खाली ठेवला मी. तर तो एका डोळ्यानं माझ्याकडं बघून म्हनला, लिवा की साहेब. पेनाला लागत न्हाई.’’

अजिनाथ